मोजणी

एकतीस वर्षं प्रेसमध्ये काढली, नाशिकरोडला.
निळी पुस्तकं, शंभराचा गठ्ठा.
आकडा सरकलाय का, शाई फुटलीय का,
शिवणीचा दोरा बसलाय का.
आत राष्ट्रपतींच्या नावाने चार ओळी असायच्या.
मी त्यांची शाई पाहिली.
ओळी कधी वाचल्या नाहीत.

एक पान कमी भरलं
तर भोंगा झाला तरी गेट उघडायचं नाही.
एकदा रात्री पावणेबारापर्यंत साठ माणसं
बाकांखाली, पंख्यांमागे, एकमेकांच्या डब्यांत
ते पान शोधत होतो.
गायधनीच्या बुटाला चिकटलेलं निघालं.
कुणी हसलं नाही. मोजणी जुळली, घरी गेलो.

सुमेध सोहारला निघाला, वेल्डर म्हणून.
त्याचं पुस्तक हातात घेतलं
आणि आधी शिवण पाहिली.
'आप्पा, फोटो तरी बघा,' म्हणाला.

पाच महिन्यांत मालक दिसेनासा झाला.
पुस्तकं त्याच्या तिजोरीत,
किल्ली कुठल्याशा विमानात.
पत्र्याच्या खोलीत पंधरा जण, पाणी एक दिवसाआड.
'आडनाव पगारे,' सुमेध फोनवर म्हणाला,
'पगारातलं तेवढंच शिल्लक आहे.'
आई शेजारी बसलीय हे त्याला माहीत होतं.

मी दूतावासाला फोन लावायला लागलो.
इथे साडेनऊ म्हणजे तिथे आठ.
एक दाबा, दोन दाबा, मग ती धून,
धून संपली की पुन्हा एक दाबा.
दहाव्या दिवशी एक बाई भेटल्या, सुसम्मा मॅडम.
हिंदी बोलत होत्या, हेल केरळचा,
आवाज रात्रभर न झोपल्यासारखा.
पासपोर्टचा क्रमांक विचारला.
पाळीवर सांगायचो तसा सांगितला:
अक्षर वेगळं, मग दोन आकडे, दोन आकडे,
शेवटच्या तिनाआधी श्वास.
'काका, पुन्हा विचारावं लागलं नाही
असे आज तुम्ही पहिले.'
'बाई, ते आमच्याकडेच छापलंय,' मी म्हणालो.
पलीकडे नुसता पंख्याचा आवाज.
मग त्यांनी विचारलं, 'बाकीच्यांचे क्रमांक आहेत?'

त्या रात्री बिटको चौकात काढलेली झेरॉक्स
दिव्याखाली धरली आणि त्या चार ओळी वाचल्या.
ज्यांचा ज्यांचा संबंध येईल त्यांनी
ह्या माणसाला अडवू नये,
लागेल ती मदत द्यावी, जपावं.
विनंती आहे की हुकूम, कळेना.
शब्द दोन्ही आहेत.
मी हे गठ्ठ्याने बांधत होतो,
वर सुतळी, सुतळीवर शिक्का.

सुमेध आला तो एका पांढऱ्या कागदावर,
एकाच प्रवासापुरता.
मुंबईला उतरल्यावर तोही काढून घेतला.
द्वारकेला बसमधून उतरला तेव्हा खिशात
विमानातल्या साखरेच्या दोन पुड्या.
आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, रडली,
मग भाजीत मीठ घालायचं विसरली.
मी विचारलं,
'कागद कसला होता रे? जाडी?
उजेडात धरून पाहिलास?'
तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.
'आप्पा,' म्हणाला, 'मी तो बनियनच्या आत धरला होता.'

पंधरातले चार आले.
वहीत अकरा क्रमांक आहेत.
एक निफाडचा, सहा सिवानकडचे,
एकाचं नाव दोन कागदांवर दोन तऱ्हेचं,
त्याच्यावर पेन्सिलीने गोल केलाय.
रोज साडेनऊला मी चष्मा पुसतो, एक दाबतो.
कधी मॅडम असतात, कधी धून.
परवा म्हणाल्या, आणखी दोघांची सही झाली.
सही म्हणजे माणूस नाही, हे मला कळतं,
त्यांनाही.

ताट वाढलेलं असतं.
'आप्पा, तुमचा मुलगा तर आला,' सुमेध म्हणतो,
'जेवा आता.'
मी बोट वर करतो:
थांब. गेट उघडलेलं नाही.