रकाना नववा

शाळेत मी बाई आहे. चौथीची.
नांद्रे फाट्याला उतरून उसाच्या कडेनं चालत जाते,
साडेदहाला हजेरी घेते, एकोणतीस नावं.
आणि घरी माझा सन्मती
सात महिने झाले, शाळेचं नाव काढलं की
न्हाणीघरात जाऊन कडी लावतो.

सुरुवातीला घंटेच्या वेळेला उलट्या.
मग इस्त्रीचा वास आला तरी.
मिरजेच्या डॉक्टरांनी पोट तपासलं, पोटात काही नव्हतं.
"घरात मास्तरीण असून," अक्का म्हणाल्या,
आणि वाक्य तसंच लोंबतं ठेवून वाल सोलत बसल्या.

म्हणून ही वही. दोनशे पानी, मागच्या बाजूनं सुरू केलेली,
कारण पुढून पोषण आहाराचा हिशेब आहे:
तांदूळ, मटकी, तेल.
उलटी धरली की
मुक्त विद्यालय, वयाची अट काय.
सतरा नंबरचा फॉर्म, पण तो दहावीला. तोवर?
कायदा म्हणतो सहा ते चौदा.
घरी शिकवलं तर चालतं का, असं साहेबांना विचारलं,
तर म्हणाले, "कुणाचं मूल, बाई?"
ओळखीतल्या एकांचं, मी म्हटलं.

एका रविवारी ह्यांना घेऊन तासगावकडे गेले.
बेदाण्याच्या शेडमागे एक जोडपं राहतं,
दोन मुलं, दाखला कुठलाच नाही.
थोरली जाळ्यांचे थर मोजून किलो सांगते
आणि चुकली तर हसते.
चुकून हसणारं मूल वर्गात कधी पाहिलं, आठवेना.
"मित्रमैत्रिणी?" मी विचारलं.
आई बराच वेळ चहा गाळत राहिली.
धाकटा म्हणाला, "तुम्ही शाळेत काय शिकता?"
शिकवता, म्हणून दुरुस्त करायला तोंड उघडलं,
मग चहाच प्याले.

परतताना हे एवढंच बोलले,
"त्यांच्याकडं सहा एकर द्राक्ष आहे."
तेही वहीत लिहिलं.

सन्मती सकाळी आण्णांबरोबर आयर्विनवर जातो,
फुटाचे आकडे वाचतो, पाणी कितीला टेकलंय ते लिहितो.
पुराला अख्खी सांगली बघते. हा थंडीतसुद्धा.
चार महिन्यांचा आलेख त्यानं फरशीवर काढला,
माझ्याच पिशवीतल्या खडूनं.
साडेआठच्या वर पाव, असलं काहीबाही लिहिलेलं.
अपूर्णांक कधी शिकलास, हे विचारलं नाही.
विचारलं की त्याचा धडा होतो.

मग आदेश आला: शाळाबाह्य मुलं शोधा.
वीटभट्ट्या, ऊसतोडीच्या खोप्या, सगळं.

भट्टीवर दुर्पी कच्च्या विटा पालथ्या करत होती.
वय? "असंल नऊ," आई म्हणाली.
चार विटांचा एक घास, पंचवीस घासांचं शंभर,
बोट न लावता मोजत होती पोरगी.
छान मोजतेस गं, म्हणणार होते.
जिभेवरच मेलं ते.
तिनं विचारलं, शाळंत पंखा असतोय का.
तिच्या आईनं विचारलं, तुमचं पोरगं कितवीला.
"पाचवीला," मी म्हटलं.
पटावर आहेच तसा.

रकाना नववा. शाळेत न जाण्याचं कारण.
स्थलांतर. भावंडं सांभाळणे. कामाला जाणे. आजार. इतर.

रात्री जेवणाच्या टेबलावर कागद पसरले.
सन्मती खांद्याला टेकून उभा राहिला.
"किती सापडली?"
"अकरा."
त्यानं नावांवरून बोट फिरवलं, एकदा, परत एकदा.
"मला धरून?"

पेनाचं टोपण मी काढलं, लावलं, काढलं.
उद्या पाणी किती असेल रे, म्हटलं.
"आठ फूट असेल," तो म्हणाला.
"पण बघितल्याशिवाय लिहायचं नसतं."