उरलेलं

शहापुरात अणवेकरांच्या दुकानातला पंखा बंदच असतो.
वारा नको. कण उडतो.
संध्याकाळचा केरसुद्धा झारेकऱ्याला वजनावर जातो.

मी अकरा डबे काउंटरवर ठेवले.
निळी मखमल, टांकसाळीचं सील,
आत कधीच कुणाच्या हातात न गेलेली नाणी.
दादा वर्षाला एक मागवायचे, डिमांड ड्राफ्ट काढून.
पार्सल आलं की साबणानं दोनदा हात धुवायचे
आणि डब्याला हात न लावता
नुसतं कार्ड वाचायचे, मोठ्यानं:
शंभराचं – चांदी पन्नास, तांबं चाळीस, निकेल पाच, जस्त पाच.
पाचाचं – तांबं पंच्याहत्तर, जस्त वीस, निकेल पाच.

अल्युमिनियमच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत,
तीस वर्षं टक्के लिहिणारा माणूस.
मी शाळेत कन्नडातून पाढे म्हणायचे
आणि घरी हे.
बेरीज शंभर भरलीच पाहिजे, ते म्हणायचे.
नाही भरली
तर धातूला विचारायचं नाही, आपली वही बघायची.

अणवेकर मुलाशी कोंकणीत काहीतरी पुटपुटले,
गोकाकच्या बाईला कन्नडात थांबवलं,
मग माझ्याकडे वळले. "मोडायचंय काय ओ?"
कसोटी काढली. तळहाताएवढा काळा दगड,
त्यावर कुणाकुणाची लग्नं पुसट ओढलेली.

घासू नका, मी म्हटलं. कार्ड आहे की सोबत.
"कार्डावर काय, काहीही छापतील.
दगड छापत नाही."
मग आकडेमोड. निम्मी चांदी, निम्म्याचे पैसे.
आणि उरलेलं?
"ते हीण. हीण कोण मोजतंय, बाई."
जरा थांबून, जणू हिणाचीच बाजू घेत,
"ते नसतं तर नाण्यावरचं नाक कधीच झिजलं असतं.
चोख चांदी लई मऊ. पण पैसे नाहीत त्याचे."

सातवा डबा त्यांनी उजेडात धरला.
प्लास्टिकच्या कडेला गोंदाची पिवळी रेघ.
"हे शंभराचं नव्हे."
चकती काचेवर टाकली. वाजली नाही.
टप्प, एवढंच.
गुळगुळीत, हलकी, कारखान्यात कापलेली,
आणि सुईनं कोरलेलं दादांचं अक्षर:
९९.५
खाली, भिंग लावल्याशिवाय न दिसणारं:
उरलेलं ०.५

अणवेकरांनी जुनी वही काढली नाही. गरज नव्हती.
"कारखान्यातले हलगेकर ना ते?
जून महिना होता. कॉलेजची फी का काय.
मोडू नका म्हणाले, बोनस झाला की सोडवून नेतो."
मग?
"दिवाळी गेली. संक्रांतीपर्यंत ठेवलं मी.
मग मुशीत घातलं."
ते कसोटी पुसत राहिले, पुसायला काही नसताना.
"हिरवी ज्योत उठली. तांबं होतं ना."

माझी पावती गुलाबी होती.
दादांनी रांगेत उभं राहून आणलेली,
घाम लागून एक आकडा फुटलेला.
त्यानंतरही ते दरवर्षी सातव्या डब्याचं कार्ड वाचत,
चांदी पन्नास, तांबं चाळीस,
आवाज न हलता.

दहा डबे मी तोलायला दिले.
सील फाडताना अणवेकर दर वेळी माझ्याकडे बघत,
परवानगी मागितल्यासारखे. पाचव्यानंतर बघेनासे झाले.
चकतीसाठी काटा लावला, आणि काढून घेतला.

गोवावेसला रिक्षावाल्यानं सुटे मागितले.
पर्समध्ये हाताला आधी तीच लागली, गेलीही त्याच्या हातात.
त्यानं उलटी केली, सुलटी केली, अंगठ्यानं अक्षर चाचपलं.
"इदु याव ऊरिंदु री?"
कुठल्या गावचं हे.

मी खरं सांगायला गेले, तर
अल्युमिनियमला कन्नडात काय म्हणतात ते आठवेना.
घरी पोचल्यावर लक्षात आलं,
अल्युमिनियमच म्हणतात.