राज्य कोड शहाण्णव

महाप्याच्या तिसऱ्या मजल्यावर
मार्चच्या घाईत मी एक ओळ लिहिली होती:
देश भारत नसेल, तर कर शून्य.
चाचणी लावली, हिरवी झाली.
हिरवं दिसलं की आम्ही चहाला जातो.

परदेशी गिऱ्हाइकाला जीएसटी नंबर नसतो
आणि आमचा रकाना रिकामा राहू देत नाही,
म्हणून तिथं तीन अक्षरं: यूआरपी.
नोंद नसलेला माणूस.
पिनकोड सहा वेळा नऊ.
राज्य शहाण्णव.
सत्तावीस आपलं, चोवीस गुजरात,
आणि शहाण्णवात उरलेलं सगळं जग,
मस्कत, किसुमू, रॉटरडॅम
एकाच कोठीत कोंबलेलं.
त्या पिनकोडवर कुठला पोस्टमन जात असेल,
मी एकदा मोठ्यानं म्हणालो.
टेस्टिंगच्या फिरदौसनं मान वर न करता विचारलं,
हा बग म्हणून टाकू का?

शनिवारी संध्याकाळी फोन आला.
रबाळ्याला पंपांचे सील करणारा एक कारखाना,
तिथल्या हिशेबाच्या वैतीबाई.
त्या सॉफ्टवेअर वापरतात
पाट्यावर वाटण वाटावं तसं, खांद्यातून जोर लावून.
"दादा, तुमचा शून्य चुकलाय."

शून्य कसा चुकेल?

"वाफुला म्हणून गिऱ्हाईक आहे, किसुमूचा.
एरवी पेटी न्हावाशेव्याहून जाते,
शिपिंग बिल येतं, एलयूटी आपलं चालू असतं,
तेव्हा तुमचा शून्य बरोबर.
या खेपेला तो स्वतःच आला.
काउंटरवर बारा सील मोजून घेतले,
बॅगेत शर्टांच्या घडीत ठेवले.
इथंच दिले, इथंच घेतले. अठरा टक्के लागतात."

पण बाई, माणूस परदेशी आहे.

"माणूस असेल हो.
माल कुठं परदेशी झालाय?"

काचेपलीकडं पारसिकचा डोंगर,
खाणीनं एका बाजूनं खाल्लेला.
मी माझी ओळ पुन्हा वाचली.
मी नाव विचारलं होतं, देश विचारला होता,
निघालास का, हे विचारलंच नव्हतं.
नुसतं परकं असून सूट मिळत नाही,
किनारा सोडावा लागतो, त्याचा कागद लागतो.
(मी शिरपूरचा. अकरा वर्षं कोपरखैरण्यात भाड्यानं.
माझा कोड सत्तावीसच, तिथंही, इथंही.
तरी दर अकरा महिन्यांनी
घरमालक मला नव्यानं नोंदवतो.)

मी विचारलं, वाफुला चिडला का?
"छे. हसला. म्हणाला, आमच्याकडे सोळा आहे.
फरकाचे पैसे मोजून दिले.
मग जेवणाची वेळ झाली, त्याला कुठं उठवायचं?
माझ्या डब्यात भाकरी होती, सुकी मांदेली.
एक उचलून उजेडात धरून बघितली त्यानं.
त्यांच्या तळ्याकाठी अशीच वाळवतात म्हणे,
वाळूवर, जाळी टाकून, कावळे हाकत."
थोडं थांबून त्या म्हणाल्या,
"त्याचं बिल नाही केलं."

रात्री दहाला ओळ बदलली.
देश आता शेवटी येतो.
आधी प्रश्न: माल कुठं सोपवला?
दोनच उत्तरं, एक गोल भरायचा,
आणि शिपिंग बिलाचा नंबर नसला
तर शून्य मागं सरतो, अठरा पुढं येतात.

चाचणीसाठी एक गिऱ्हाईक बनवलं होतं.
नाव घाईत दिलं: परदेशी एक.
पिनकोड नऊ नऊ नऊ नऊ नऊ नऊ.
चाचणी हिरवी झाली.
नियम असा की खोटी नोंद पुसून निघायचं.

कर्सर त्या नावावर होता.
खाली वॉचमन दिवे मालवत वर येत होता,
दुसरा मजला, मग जिना.
मी तसाच उठलो.
सोमवारी फिरदौस विचारेल
हा कोण राहिलाय इथं.