खोबऱ्याचा वास

कोकोच्या झाडा,
मी तुला पाहिलेलं नाही.
मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, बेअरिंगच्या कारखान्याला लागून
आमची दोन खोल्यांची प्रयोगशाळा.
इथल्या मे महिन्यात तू
आठवडाभरही तग धरला नसतास.

तुझं एक फळ मात्र आलं होतं.
इडुक्कीहून, वर्कीचननी पाठवलेलं,
मल्याळी वर्तमानपत्रात गुंडाळून.
अर्धं पिवळं, अर्धं काळं.
हसमुखभाई म्हणाले, "आ तो गयुं, बेन."
गेलेलंच तर हवं होतं मला.

काळ्याच्या कडेचा कण, तांदळाच्या कणीएवढा,
अगरवर ठेवला. तिसऱ्या दिवशी
पांढरी, विरळ, पिंजल्यासारखी ती.
हिला सगळे बुरशी म्हणतात.
ती बुरशी नाही. शेवाळाच्या दूरच्या नात्यातली,
पाण्यात पोहणारी,
म्हणून पावसाळ्यात तुझ्या फळांपर्यंत पोचते.
(दिसण्यावरून कूळ ओळखू नये.
आम्ही गुप्ते, चार पिढ्या बडोद्यात,
पुण्याचे पाहुणे अजून विचारतात, मराठी बोलता?)

दुसरी तुझ्याच सालीतली.
त्या बागेत एक झाड, शेजारची तेरा काळवंडली तरी
धडधाकट उभं. वर्कीचन त्याला अम्मायी म्हणतात,
म्हणजे आत्याही आणि मामीही.
अम्मायीची टीचभर साल पाकिटातून आली.
तिच्यात कितीतरी जणी राहत होत्या,
भाडं देऊन की फुकट, कुणी विचारलं नव्हतं.
एकेकीला वेगळं काढलं.
रावपुऱ्यातले बटाटे, उकडून, गाळून,
एका प्लेटीत दोघी समोरासमोर,
अठ्ठावीस अंश.

अठरा जणी नुसत्या बसून राहिल्या.
एकोणिसाव्या प्लेटीत मधोमध
आधी एक रेघ उमटली, केसाएवढी.
मग रेघेपलीकडे हिरवं.
सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं:
ही तिला वेटोळे घालत होती,
कारल्याचा वेल तारेला घालतो तसे,
घाई नाही, राग नाही.
काट्याने काटा म्हणतात, पण काटा कुठे
इतक्या जवळून मिठी मारतो?

झाकण उचललं तर खोबऱ्याचा वास.
खरंच. ओल्या खोबऱ्याचा.
संध्याकाळी आई म्हणाली,
वड्या होत्या वाटतं ऑफिसात,
एक आणायची होतीस पुडीत.

तिला समजावलं विरजणाच्या भाषेत:
नको तो आत शिरायच्या आधी
हवा तो बसवून ठेवायचा.
"मग झाड काय, भांडंच की," ती म्हणाली.
मी हो म्हटलं नाही. झाडाला
स्वतःचंही काही ठरवता येत असणार.

हसमुखभाई ज्वारी भिजवतात, वाफवतात, निववतात,
मी विरजण लावते.
दहा दिवसांत दाणान् दाणा हिरवा.
पहिली खेप पावसात वाहून गेली.
दुसरीनंतर वर्कीचनचा फोन:
चाळीसातली सव्वीस झाडं स्वच्छ.
"आणि चौदा?"
"चौदा गेली," ते म्हणाले,
आणि मग बराच वेळ फक्त तिकडचा पाऊस ऐकू आला.

अहवालात शब्द लिहावा लागतो.
मी 'घट' लिहिलं.
साहेबांनी 'लक्षणीय' जोडलं.
चौदांसाठी रकाना नव्हता.

पौषात निरोगी फळ आलं.
ऑटोक्लेव्हच्या टेबलावर कोयत्याने फोडलं,
आत पांढरा गर, आंबटगोड,
सीताफळाने लिंबू चोरल्यासारखा.
हात धुवायचे राहिलेच.
बिया थुंकून हसमुखभाईंनी दोन
रंगाच्या रिकाम्या डब्यात खोचल्या,
वाफेची नळी जिथे सुटते तिथे,
साऱ्या मकरपुऱ्यात दमट अशी तेवढीच जागा.

काल एकीने मान वर काढली.
वाकडी, बी अजून डोक्यावर.
कुणाला न विचारता मी मातीत
चिमूटभर हिरवी ज्वारी टाकली
आणि झाकण लावायला हात गेला,
सवयीने.