काचेवरचं माप

माप काच पुसताना घेतलं.
रोज थोडं थोडं, कुणाला कळू न देता.
निळ्या फडक्याला चौकडी आहे.
पर्स म्हणजे चौकडीची सात घरं रुंद,
साडेचार उंच,
वरचा पल्ला अर्धं घर खाली उतरलेला.
सिक्युरिटीचा लोखंडे म्हणाला, मावशी,
एकाच जागी किती पुसता?
म्हटलं, डाग जात नाही.

किंमत कुठे लिहिलेली नव्हती.
लिहिलेली असती
तर दुसऱ्यांदा बघितलंच नसतं.

अंगभर शंकरपाळी, गादीसारखी फुगलेली.
त्या दुकानात या शिलाईला काय म्हणतात कोण जाणे,
आमच्या घरात तिला टॅक्सी म्हणतात.
बाबांनी कुर्ल्याच्या पाइप रोडवर
एकतीस वर्षं टॅक्सीच्या सीटा शिवल्या.
खाली गोणपाट, त्यावर फोम, त्यावर रेक्झीन,
आणि खडूने आखून हीच तिरकी शिलाई,
इंचाला पाच टाके.
काचेपलीकडे मी मोजले, अकरा.
घरी सांगितलं तर म्हणाले,
अकरा? मग भोकंच जास्त, कातडं कमी.
फाटेल.

माळ्यावर त्यांचा शेवटचा तुकडा होता,
कोकमाच्या रंगाचा,
गाड्या भंगारात गेल्या तेव्हापासून गुंडाळलेला.
उलगडला तर प्रत्येक घडीवर भेग.
भेगा चुकवत कापला,
म्हणून सात घरांची पर्स सहा घरांची झाली.

अस्तरासाठी ह्यांचा लग्नातला कोट उसवला.
आतल्या खिशात लाँड्रीची चिठ्ठी, नंबर चौदा.
हे म्हणाले, विचारायचं तरी.
म्हटलं, घालून दाखवा.
बटण लागलं नाही.
विषय संपला.

साखळी मात्र विकतची, लोहार चाळीतून,
मीटरवर मिळते.
दुकानदाराने विचारलं, कुत्र्याला?
मी हो म्हटलं.
मग उगाच, लहान आहे अजून, असंही म्हटलं.

सोळा नंबरची सुई पहिल्याच कोपऱ्यात तुटली,
अठरा नंबरची दुसऱ्या.
साडेअकराला खालच्या गोठणकरांनी
काठीने छत ठोकलं.
तेव्हा पलंगावरून बाबांचा हात पुढे आला.
त्यांना आता माणसांच्या फक्त सावल्या दिसतात,
पण बोट शिवणीवरून गेलं
आणि जिथे दोरा ढिला होता तिथेच थांबलं.
सुईला साबण लाव, म्हणाले.
पाय काढ, चाक हाताने फिरव.
कोपऱ्यावर घाई केली की गिऱ्हाईक परत येतं,
भांडायला.

एक टाका. थांबायचं. एक टाका.
चार कोपऱ्यांना दीड वाजला.

तिकडे कडीवर सोनेरी अक्षर आहे.
मी लावली ऋजुताच्या पाचवीतल्या दप्तराची कडी,
कट् वाजणारी. अक्षराची जागा मोकळी.
बाबा प्रत्येक सीटेच्या पोटात
खडूने तारीख टाकायचे, कधी कुणी बघितली नसेल.
अस्तर बंद करायच्या आधी मीही टाकली.
खाली, का कोण जाणे, चौदा.

बाबांनी ती मांडीवर घेतली,
दोन्ही तळहातांनी दाबून बघितली,
जशी सीट दाबायचे.
बसतील किती माणसं?
म्हटलं, डबा, छत्री आणि पास.
मग ठीक आहे, स्प्रिंग नको.

सकाळी बसस्टॉपवर ऊन लागलं
आणि पर्सला टॅक्सीचा वास यायला लागला,
उन्हात उभ्या राहिलेल्या, काचा बंद असलेल्या.
मी ती थोडी जवळ धरली.

स्टाफच्या गेटवर लोखंडेने उघडून बघितली,
रोज बघतो तशी, काठी आत घालून.
नवीन?
टॅक्सी आहे, मी म्हटलं.
त्याने घड्याळ बघितलं.
टॅक्सीने येऊनसुद्धा सात मिनिटं उशीर, मावशी?

वर गेले तर काचेपलीकडे पर्स नव्हती.
मखमलीवर बूट होता,
एकटाच, जोडीदार कुठे ठेवलाय कोण जाणे.
बूट मला शिवता येत नाहीत.
पर्स कडेला ठेवली,
आणि काच नीट पुसली,
एकदाच.