भिंतीतला जी

सावद्यात आमच्या घराची मागची भिंत
आणि केळी पिकवायच्या चेंबरची पुढची भिंत
एकच आहे.
अलीकडे माझं टेबल, लॅपटॉप, पंचवीस पट्ट्यांचा कीबोर्ड.
पलीकडे साडेतीनशे क्रेट हिरवी केळी
आणि रात्रभर घुमणारा कॉम्प्रेसर.

महिनाभर मी चार कॉर्डांत राहत होते.
सी, ए मायनर, एफ, जी.
पुन्हा सी.
सावदा, फैजपूर, यावल, भुसावळ, परत सावदा :
रस्त्यात खड्डा नाही,
पण कंडक्टरलाही झोप लागावी.

मग भर घालत सुटले.
सातवा सूर घातला, नववा घातला,
त्यावर व्हायोलिनांचा थर,
त्यावर कुणीतरी लांबून आ लावलेला.
वांग्याच्या भरितात पनीर घातल्यासारखं झालं.
ताटाला पाहून कौतुक करावं,
घास मात्र फिरत राहतो तोंडात.

रमजान तडवी रात्री कॉम्प्रेसर बघतो,
लग्नसराईत बँडच्या गाडीवर कॅसिओ.
गेजचा आकडा वहीत टिपून चहाला आला,
हेडफोन एकाच कानाला लावला,
दुसरा कान चेंबरकडे.
"ताई, तुझे सूर दर वेळी सगळेच्या सगळे घर बदलू ऱ्हायले.
एवढं सामान उचलाचं कोणी?
दोघं घरी ठेव. एकालेच गावाला पाठव."
बशी पालथी घालून गेला.

मी बोटांकडे पाहिलं.
खरंच, उड्याच मारत होती बिचारी.
सी वरून ए मायनर :
सी आणि ई जागीच बसले,
जी तेवढा उठून शेजारच्या ए वर गेला.
ए मायनरवरून एफ :
फक्त ई सरकला.
ई आणि एफच्या मध्ये काळी पट्टी नसते,
एकच सामाईक भिंत असते,
हे मला बाराव्या वर्षापासून माहीत होतं
आणि चौतिसाव्या वर्षी कळलं.

एफवरून जीला मात्र सगळ्यांनाच उठावं लागतं.
तिथे मी एक रात्र अडले.
शेजारच्या मायनर घरातून विरजण आणावं तसा
उसना सूर आणला,
एफमधला ए अर्धी पायरी खाली उतरवला.
खोलीत कुणी दिवा बारीक केला की काय वाटलं.
(वहिनी दारात येऊन म्हणाली, काही झालं का?)

गुणगुण रेकॉर्ड करायला माइक लावला
तर आधी भिंतच बोलली.
गोधड्या टांगल्या, अंड्यांचे ट्रे चिकटवले,
इक्वलायझरने खालचा पट्टा कापून पाहिला,
माझा आवाज पोस्टातून आल्यासारखा झाला,
घूं तशीच.
शेवटी चिडून तिची उंची मोजली :
पन्नास हर्ट्झ.
म्हणजे जी. माझाच जी.
फक्त पस्तीस सेंट चढा.

विजेला कोण खाली उतरवणार?
मीच चढले.
अख्खं गाणं पस्तीस सेंट वर घेतलं
आणि बेसचा ट्रॅक पुसून टाकला.

आता सी येतो, ए मायनर येतो,
एफ आपला ए घेऊन येतो, कधी अर्धवट उतरवून,
आणि खाली तो एकटा हलत नाही.
एफ त्याच्यावर उभा राहिला
की उंबऱ्यावर चप्पल काढावी की नाही अशा पाहुण्यासारखा दिसतो.
तेच चार कॉर्ड.
यावलच्या आधी पहिल्यांदाच खिडकी उघडली कुणीतरी.

पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी शेवटची फेरी घेत होते.
चेंबरमध्ये पारा सोळावर उतरला असावा :
खट्.
कॉम्प्रेसर थांबला.
माझा एफ हवेत,
पायाखालचा जी निघून गेलेला.

मी रेकॉर्डिंग बंद केलं नाही.
पलीकडे रमजानने दार उघडलं,
पिकत्या केळ्यांचा वास भिंत ओलांडून आला,
तो त्या फाइलमध्ये नाही.