कारणांची वही

चार वर्षं सगळे म्हणत होते, उष्णता आहे.
सब्जा घे. गुलकंद खा.
जाऊबाईंनी चंदन उगाळून दिलं,
त्याने अशी आग पेटली की रात्री दोन वाजता
फ्रिज उघडून उभी राहिले
दह्याच्या पातेल्याशी गाल नेऊन.

रास्ता पेठेतल्या तांबोळी डॉक्टरांनी भिंग लावून पाहिलं
आणि नाव सांगितलं, रोझेशिया.
शेजारच्या सोसायटीतल्या मुलीचं असावं तसं.
गहूवर्णी कातडीवर पटकन ओळखू येत नाही, म्हणाल्या,
पुस्तकातले सगळे गाल गोरे असतात.
जाईल का, विचारलं.
जाणार नाही. नांदवावं लागेल.

मग ही वही.
तारीख, काय खाल्लं, किती ऊन, चेहरा किती तापला.
शेवटचा रकाना: कारण.

सोमवार. उकळता चहा.
आता निववून पिते, साय धरेपर्यंत.
मंगळवार. कर्वे रोड, दुपारी दोन, सिग्नल.
तिथे मात्र बरं असतं. शेजारच्या स्कूटीवरच्या सगळ्याजणी
ओढणीत गुंडाळलेल्या, डोळ्यांपुरत्या उरलेल्या.
नव्वद सेकंद या शहरात कुणालाच गाल नसतात.
बुधवार. मिसळ, तर्री नको म्हटलं.
वाढणाऱ्याने असं पाहिलं, जणू पैसे न देता उठले.
गुरुवार. साहेब म्हणाले, "आज कुणावर राग?"
नाकाच्या शेंड्यावर राग असतो म्हणतात.
माझा शेंड्यावरच असतो, आत काही नाही,
आत मी उद्याची भाजी ठरवत असते.
कारण म्हणून साहेबांचं नाव लिहिलं.
खोडलं.
पुन्हा लिहिलं.

माझं काम दस्तनोंदणीत. वेबकॅमपुढे माणूस बसवायचा,
इकडे बघा म्हणायचं, मग डावा अंगठा.
दिवसाला साठ चेहरे. घेणारे, विकणारे,
फोटोत सगळे सारखेच धास्तावलेले.

शुक्रवारी कलावती दांगट आल्या, माहेरच्या चरवड.
हक्कसोड पत्र. विनामोबदला.
तीन भाऊ खुर्चीमागे, शर्टांना कडक इस्त्री.
स्क्रीनवर चेहरा आला आणि माझा हात माउसवरून सुटला.
नाकापासून दोन्ही गालांवर गेलेली ती लाली.
"उन्हातून आलीय," थोरला म्हणाला.
मला सांगता येईना,
ऊन, आजार, की तोंडाने न बोललेलं काही.
चेहऱ्याकडे रंग एकच,
त्यातच त्याला सगळं भागवावं लागतं.

पंखा त्यांच्याकडे वळवला.
सर्व्हर डाऊन आहे, म्हटलं. नव्हता.
भाऊ चहाला गेले.
बाईंनी खुर्ची पुढे ओढली, हळूच विचारलं,
"तुम्ही कुठलं मलम लावता ओ?"

टोकनच्या पाठीवर लिहून दिलं.
डॉक्टरांचा पत्ता. सकाळी सनस्क्रीन, ढगाळ असलं तरी.
साबण नको. वाफ नको. टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं.
"आणि मनाला लावून घ्यायचं नाही, हे पण सांगतात का?"
"सांगतात."
हसल्या. हसून आणखी लाल झाल्या.

भाऊ परतले. सर्व्हरही परतला.
इकडे बघा म्हटलं, तर त्या माझ्याकडेच बघत राहिल्या.
फोटो तसाच घेतला.
अंगठा पुढे आला, यंत्रावर टेकता टेकता थांबला.
"आधी वाचून दाखवा. सगळं."
"अक्का, घरी वाचलंय की," धाकटा म्हणाला.
"तू वाचलंयस."

रांग कुरकुरली. साहेबांनी मान वर केली.
माझे कान तापले, मग गाल, मग नाक.
मी वाचत राहिले, सर्व्हे नंबर, चतुःसीमा, पूर्वेस ओढा.

रात्री वहीत लिहिलं:
शुक्रवार. ऊन नाही. तिखट नाही. चहा गार.
चेहरा फार तापला.
कारण: चौदा पानं, मोठ्याने.